पृथ्वीगोलाच्या गोष्टी : लांबचा रस्ता जवळचा!

मुलांनो,

या आठवड्याच्या टपालात सांगलीच्या, आठवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. ते वाचलं आणि ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला. (ज्वालामुखी बिचारे आणखी एक आठवडा थांबतील!) या पत्रात एक मस्त कोडं आहे, आणि त्या कोड्यात एका आजीची तब्येत अडकली आहे. पत्रच वाचा ना :

‘ती. भूगोलकाका यांस, शि. सा. न. वि. वि.

माझी आजी २०१८ सालच्या जूनमध्ये एकटी मामाकडे अमेरिकेत गेली होती. मामा सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. आता ती पुन्हा जाणार आहे. तिची बॅग झटकताना आतल्या कप्प्यात जुनं तिकीट सापडलं. त्यावर लिहिलंय की विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी ६ वाजता सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार. म्हणजे दोनच तास! आम्हाला एस.टी.नं कोल्हापूरला जायलासुद्धा जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आजी म्हणते, “छे गं, बसून बसून माझे पाय सुजले होते.” मग मी जगाच्या नकाशावर पट्टीनं अंतर मोजलं, तर २२,००० किलोमीटर आलं. दादा म्हणतो, तेही साफ चूक आहे. मग खरं अंतर किती? आणि खरा वेळ किती?

आणखी एक. आजी रक्तदाबाची गोळी सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला घेते. मागच्या वेळी गोळ्यांच्या वेळेचा काहीतरी घोटाळा झाला. मामाकडे पोचली त्या संध्याकाळी तिला चक्कर आली. मामा फार घाबरला होता. या वेळी तसं होऊ नये म्हणून मी तिला गोळ्यांचं वेळापत्रक लिहून देणार आहे. ते कसं करू?’

वा! प्रश्न विचारावा तर असा. चला, एकेक गाठ सोडवू या. कागद-पेन्सिल घेऊन बसा. आई-बाबांनाही बोलवा, त्यांनाही या हिशेबात मजा येईल.

दोन तासांचं गुपित

तिकिटावर खोटं काहीच छापलेलं नव्हतं, बरं का! पण ४ वाजले होते ते दिल्लीच्या घड्याळात आणि ६ वाजले होते ते सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात. विमानाच्या तिकिटावर नेहमी जिथली वेळ तिथलीच छापतात. न्यायला येणारा मामा त्याच्या गावच्याच घड्याळात बघणार ना!

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही शिकला आहात : पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, म्हणून आपली घड्याळं ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. सॅन फ्रान्सिस्कोची घड्याळं ग्रीनिचच्या ८ तास मागे. मात्र उन्हाळ्यात तिकडे सगळे आपापली घड्याळं एक तास पुढे सरकवतात. त्यामुळे जूनमध्ये ती ७ तासच मागे असतात. आपण साडेपाच पुढे, ते सात मागे. एकूण फरक साडेबारा तासांचा. (हिवाळ्यात तोच साडेतेरा होतो. हे लक्षात ठेवा, गोळ्यांच्या वेळी कामाला येईल.)

आता सांगा, तिकडे सकाळचे ६ वाजले तेव्हा सांगलीत किती वाजले होते? सहात साडेबारा मिळवा. संध्याकाळचे साडेसहा! आजी पहाटे ४ ला उडाली आणि आपल्या घड्याळानं संध्याकाळी साडेसहाला उतरली. झाले साडेचौदा तास. पाय सुजतील नाहीतर काय?

पट्टी कुठे चुकली?

आता ते २२,००० किलोमीटर. नकाशाला हात न लावता हे उत्तर चूक आहे असं सांगता येतं. कसं? पृथ्वीचा पूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तुमच्यापासून सगळ्यांत लांबचं ठिकाण म्हणजे पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या बाजूचं, अर्ध्या घेरावरचं. म्हणजे २०,००० किलोमीटरवर. त्याहून पुढे गेलात की तुम्ही दुसऱ्या बाजूनं परत जवळ यायला लागता! या जगात कुठलीही दोन गावं २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. दादा बरोबर बोलला.

मग पट्टीनं दगा का दिला? एक संत्रं सोला आणि त्याची साल टेबलावर सपाट करून बघा. साल फाटते, नाहीतर ताणावी तरी लागते. गोल पृथ्वी सपाट कागदावर काढताना नकाशेवाल्यांचंही हेच होतं. भिंतीवरच्या पुष्कळ नकाशांत ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. खरं तर आफ्रिका ग्रीनलंडच्या १४ पट मोठी आहे! उत्तरेकडचा सगळा भाग नकाशात ताणला जातो आणि तिथली अंतरं फुगतात.

शिवाय आपल्या मैत्रिणीची पट्टी दिल्लीहून पश्चिमेला निघाली आणि इराण, भूमध्य समुद्र, अटलांटिक महासागर असं करत अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर पोचली. पूर्वेला जायचं म्हटलं तर नकाशाची कड येते आणि कागद संपतो. पण पृथ्वीला कड नाही ना!

म्हणून पट्टी ठेवून द्या आणि शाळेतला पृथ्वीगोल घ्या. एक दोरा घेऊन त्याचं एक टोक दिल्लीवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरा. आता दोरा घट्ट ओढा. तो आपोआप सगळ्यांत जवळच्या रस्त्यावर जाऊन बसेल. बघा बरं कुठून जातो? ना पूर्वेकडून, ना पश्चिमेकडून! तो जातो थेट उत्तरेकडे. हिमालय, तिबेट, सायबेरिया, मग बर्फाळ आर्क्टिक महासागर, अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यानं खाली सॅन फ्रान्सिस्को. या रस्त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्याची लांबी भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. कुठे २२,००० आणि कुठे १२,४००!

झालं? सापडलं उत्तर? थांबा, थांबा. खरी गंमत पुढेच आहे.

विमान दोऱ्यावरून का जात नाही?

दोऱ्याला काय, ना डोंगर अडवतो ना देशाची सीमा. विमानाला मात्र दोन्ही अडवतात.

पहिली अडचण तिबेटच्या पठाराची. तुम्ही म्हणाल, विमान तर दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं आणि एव्हरेस्टसुद्धा नऊ किलोमीटरच्या आतच आहे. मग भीती कसली? भीती पुढच्या प्रसंगाची असते. एवढ्या उंचीवर हवा फार विरळ, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब वाढवून ठेवलेला असतो. तो अचानक कमी झाला तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. पण त्यातला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान तीन किलोमीटर उंचीच्या आसपास खाली आणावं लागतं. तिथे साध्या हवेत श्वास घेता येतो. आता सांगा, खाली तिबेटचं पठार असेल तर विमान तीन किलोमीटरवर येणार कसं? तिथे जमीनच चार-पाच किलोमीटर उंच आहे! म्हणून प्रवासी विमानं शक्यतो या पठाराला वळसा घालतात.

दुसरी अडचण उतरायच्या जागेची. आजीचं विमान दोन इंजिनांचं असतं. त्यातलं एक बंद पडलं तरी ते दुसऱ्यावर उडू शकतं, पण मग जवळच्या विमानतळावर उतरायलाच हवं. म्हणून एका इंजिनावर ठरावीक वेळात कुठला ना कुठला विमानतळ गाठता येईल, असाच रस्ता आखावा लागतो. हे नुसतं पुस्तकातलं नाही हं! जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनात बिघाड झाल्यामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान नावाच्या गावी उतरलं. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. सगळे सुखरूप. भारतातून दुसरं विमान येईपर्यंत त्यांना तिथेच मुक्काम करावा लागला. पुष्कळ जणांनी मगादानचं नाव त्याआधी कधी ऐकलंही नसेल. पण रस्ता आखणाऱ्यांना ते ठाऊक असतं, म्हणून तर विमान तिथवर पोचलं.

तिसरी अडचण माणसांनीच तयार केलेली. आकाशातही देशांच्या सीमा असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर युरोपातल्या देशांनी रशियाच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियानं त्यांच्या विमानांना. फिनलंडमधल्या हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास पोचणारं विमान मग उत्तर ध्रुवाकडून वळसा घेऊन सुमारे १३ तासांनी पोचायला लागलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या त्यांच्या विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्रावर यावं लागलं आणि प्रवास लांबला. दोन विमानतळ जागचे हलले नाहीत, तरी त्यांच्यामधला रस्ता लांब झाला. आहे की नाही नवल?

लांबून गेलं आणि लवकर पोचलं

आता या लेखाच्या नावाकडे येऊ. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियानं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही कुठेही न थांबणारी विमानसेवा सुरू केली. विमान पश्चिमेला निघायचं आणि युरोप, अटलांटिक असं करत जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली! विमान दिल्लीहून पूर्वेला निघालं आणि पॅसिफिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. हा रस्ता सुमारे १५,३०० किलोमीटरचा. आधीच्यापेक्षा तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. त्या वेळी तो जगातला सगळ्यांत लांब पल्ल्याचा, न थांबता केलेला प्रवासी विमानप्रवास ठरला.

आणि वेळ? साडेचौदा तास. आधीच्यापेक्षा सुमारे दोन तास कमी!

हे म्हणजे सांगलीहून मिरजेला जाताना तासगावला वळसा घालून जायचं आणि तरीही लवकर पोचायचं, असंच झालं की! असं कसं होईल?

उत्तर सोपं आहे : वारा.

कृष्णेत होडी चालवणाऱ्या नावाड्याला विचारा. प्रवाहाच्या दिशेनं जाताना वल्ही नुसती बुडवली तरी होडी पळते. उलट जाताना घाम निघतो, आणि होडी जागची हलत नाहीसं वाटतं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याच्या अशाच नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा वेग कधी तासाला शंभर-दीडशे किलोमीटर, तर कधी तीनशेच्याही वर जातो. पूर्वेला जाणारं विमान या नदीत शिरतं आणि वारा त्याला पाठीमागून ढकलतो. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो.

आता पेन्सिल उचला. विमानाचा स्वतःचा वेग तासाला ९०० किलोमीटर धरू.

पूर्वेकडून : १५,३०० ÷ १४.५ = सुमारे १,०५५. म्हणजे जमिनीवरून बघितलं तर विमान तासाला १,०५५ किलोमीटर जात होतं. विमानाचे ९०० आणि वरचे १५५ वाऱ्याचे. अगदी फुकटचे!

पश्चिमेकडून : १३,९०० ÷ १६.५ = सुमारे ८४२. इथे वाऱ्यानं ताशी ५८ किलोमीटर कापून घेतले.

वारा रोज बदलतो, त्यामुळे हे आकडेही रोज बदलतात. पण एक गोष्ट पक्की. विमानाच्या बाबतीत ‘किती लांब?’ आणि ‘किती वेळ?’ हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

कुणी न वाचलेला शोध

या वाऱ्याच्या नदीचा शोध कुणी लावला, माहीत आहे? जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. १९२४ च्या सुमारास ते आपल्या वेधशाळेतून आकाशात फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग ठेवायचे. फुगे उंच गेले की हिवाळ्यात ते पूर्वेकडे प्रचंड वेगानं पळतात, असं त्यांच्या लक्षात आलं. १९२६ मध्ये त्यांनी याबद्दल लिहिलं. साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या भाषेत लिहिलं. सगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं यासाठी मुद्दाम तयार केलेली ही भाषा. पण गंमत अशी, की ती वाचणारे लोक होतेच थोडे! त्यामुळे एवढा मोठा शोध जपानबाहेर फारसा कुणाला कळलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेची विमानं खूप उंचीवरून जपानकडे गेली. या वाऱ्यानं त्यांना इतकं ढकललं की वैमानिक चक्रावून गेले. ज्या वाऱ्याबद्दल ओइशींनी अठरा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं, तोच हा वारा!

एक चुकीची समजूत

तुमच्यातल्या काही जणांनी एव्हाना हात वर केला असेल. ‘काका, पृथ्वी फिरते ना? मग विमानानं वर जाऊन नुसतं थांबायचं. खाली अमेरिका आली की उतरायचं!’

कल्पना झकास, पण चालायची नाही. धावत्या रेल्वेच्या डब्यात उभ्या उभ्या उडी मारून बघा. (जपून हं!) तुम्ही होता तिथेच खाली येता, डब्याच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाही. कारण उडी मारतानाही तुम्ही गाडीच्याच वेगानं पुढे जात असता. दिल्लीजवळ पृथ्वीचा पृष्ठभाग तासाला सुमारे १,४७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरतो. पण त्याच्याबरोबर झाडं, घरं, हवा, विमान आणि आजीसुद्धा फिरते! त्यामुळे नुसत्या फिरण्याचा विमानाला थेट फायदा होत नाही.

मात्र जेट स्ट्रीम पूर्वेकडे का वाहते, याच्यामागे पृथ्वीचं फिरणं आहेच. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढते आणि ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावर जमिनीचा फिरण्याचा वेग सगळ्यांत जास्त आणि ध्रुवांकडे जावं तसा कमी. ही हवा आपला मूळचा जास्त वेग बरोबर घेऊन जाते, म्हणून पुढे गेल्यावर ती खालच्या जमिनीच्याही पुढे, पूर्वेकडे पळायला लागते.

आता आजीच्या गोळ्या

चला, सगळ्यांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. मागच्या वेळी काय झालं असेल? माझा तर्क असा.

निघायच्या आदल्या रात्री ८ ला आजीनं दिल्लीत गोळी घेतली. पहाटे ४ ला विमान उडालं. सकाळी ८ ला, म्हणजे उड्डाणानंतर चार तासांनी, तिनं विमानात दुसरी गोळी घेतली. इथपर्यंत सगळं ठीक. मग विमान उतरलं, मामानं घड्याळ लावून दिलं आणि त्यात वाजले होते सकाळचे ६. आजी म्हणाली असेल, ‘आजची सकाळची गोळी तर झाली. आता थेट रात्री ८ ला.’

इथेच चकवा बसला! तिकडे रात्रीचे ८ वाजतात तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ होतात. म्हणजे दोन गोळ्यांमध्ये १२ तासांऐवजी साडेचोवीस तास गेले. मधली एक गोळी बुडाली. घड्याळानं आजीला फसवलं, पण शरीर थोडंच फसतं? शरीर तिकिटावरच्या वेळा वाचत नाही. ते मधे गेलेले खरे तास मोजतं.

मग वेळापत्रक कसं करायचं? युक्ती एकच : नवं घड्याळ बघायचंच नाही. आजीच्या जुन्या मनगटी घड्याळाला विमानात हात लावायचा नाही, ते सांगलीच्याच वेळेवर चालू द्यायचं. आधी सगळा हिशेब त्या घड्याळात मांडायचा आणि मग शेजारी तिकडची वेळ लिहायची. जुन्या तिकिटाप्रमाणे तो असा झाला असता :

आदल्या रात्री ८ : दिल्लीत.
सकाळी ८ : विमानात, उड्डाणानंतर ४ तासांनी.
रात्री ८ : तिकडे सकाळचे ७.३०. विमान उतरल्यावर दीड तासानं.
दुसऱ्या दिवशी सकाळी ८ : तिकडे संध्याकाळचे ७.३०.

बघितलंत? फरक साडेबारा तासांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाचा आहे. त्यामुळे सांगलीतली रात्रीची गोळी तिकडे सकाळची होते आणि सकाळची गोळी रात्रीची. किती सोपं झालं!

पण सांगलीच्या मैत्रिणी, तीन गोष्टी नक्की कर. एक, जुन्या तिकिटावरून नाही तर नव्या तिकिटावरून हिशेब मांड. विमानाच्या वेळा आणि रस्ते बदलतात, आणि हिवाळा असेल तर फरक साडेतेरा तासांचा धर. दोन, तुझा कागद आजीच्या डॉक्टरांना दाखव. प्रत्येक औषधाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच. गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या का, हेही मनानं ठरवायचं नाही, त्यांनाच विचारायचं. तीन, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेत नको, आजीच्या हातातल्या पिशवीत हवी. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, ती प्रवासात मिळत नाही.

आणि हो, पाय सुजू नयेत म्हणून आजीला सांग, की अधूनमधून उठून दोन फेऱ्या मारायच्या, बसल्या जागी पावलं हलवायची आणि पाणी प्यायचं. साडेचौदा तास म्हणजे तुमच्या शाळेचे जवळजवळ तीन दिवस सलग बाकावर बसण्यासारखं आहे!

परतीचा प्रवास आणि एक कोडं

आता परत येताना काय करायचं? सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला यायचं तर वाऱ्याची नदी पूर्वेलाच वाहते. म्हणून त्या विमानानं परतताना आल्या रस्त्यानं न येता पूर्वेलाच जायचं ठरवलं : अमेरिका, अटलांटिक, युरोप आणि दिल्ली. जातानाही पूर्वेला, येतानाही पूर्वेला! म्हणजे आजीनं काय केलं, कळलं का? अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा केली!

मुलींनो, आणखी एक. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिलं थेट विमान निघालं. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्याबरोबरच्या सगळ्या वैमानिक महिलाच होत्या. त्यांनी विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. दोऱ्याचं अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, उडालेला रस्ता सुमारे १६,०००. सतरा तासांहून थोडा जास्त वेळ लागला आणि विमान उतरलं ११ जानेवारीच्या पहाटे. मग १० जानेवारी गेली कुठे? घड्याळाचा हिशेब आता तुम्हाला येतो. करा बघू!

घरी करून पाहा : पृथ्वीगोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजा. ती म्हणजे ४०,००० किलोमीटर. आता तुमचं गाव आणि नातेवाईक राहतात ते लांबचं गाव यांच्यामध्ये दोरा ताणा. त्या दोऱ्याच्या लांबीला घेराच्या लांबीनं भागा आणि ४०,००० नं गुणा. आलेलं उत्तर आम्हाला कळवा.

आणि हे या आठवड्याचं कोडं : समजा, आजी निघाल्यापासून परत येईपर्यंत रोज भर दुपारी, सूर्य सगळ्यांत उंच आला की, आजीनं आपल्या डबीत एक शेंगदाणा टाकला. सांगलीत तिच्या नातीनंही तसंच केलं. दोघींपैकी कुणीही एकही दुपार चुकवली नाही. आजी घरी आल्यावर दोघींनी शेंगदाणे मोजले, तर एकीच्या डबीत एक जास्त निघाला. कुणाच्या? आणि का? (आजी कुठल्या दिशेनं फिरली, ते विसरू नका.)

उत्तर पुढच्या अंकात. तोवर सांगलीच्या आजीला आपल्या सगळ्यांतर्फे, शुभ प्रवास!

तुमचा,
भूगोलकाका